लाल दिव्याची गाडी

मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ ला उतरले. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मात्र लाल दिव्याची एक गाडी अजून शाबूत आहे. मंत्र्यांचा दिवा दिसला की लोक बाजूला व्हायचे. हा दिवा दिसला की खुद्द मालकच गाडी बाजूला घेतो, इंजिन बंद करतो आणि गुडघे टेकून तिच्या पोटाशी वाकतो.

मालक म्हणजे प्रेशरकाका. त्यांचं खरं नाव खाली पत्रपेटीवर आहे, पण ते पोस्टमनखेरीज कुणी वापरत नाही. गाडी १९७४ ची बुलेट, साडेतीनशे, बिडाच्या इंजिनची. सहा व्होल्टच्या बॅटरीवर तिचा हेडलाइट समईइतका पडतो. त्यामुळे रात्री गाडीवर सगळ्यात ठसठशीत दिसतो तो हा लाल दिवाच.

आता गंमत अशी की बुलेटला हा दिवा मुळात नसतोच. इंग्लंडातल्या रेडिचचं ते डिझाइन १९५५ मध्ये मद्रासला आलं आणि पुढची कित्येक वर्षं जवळपास तसंच चालू राहिलं. हेडलाइटच्या डोक्यावर स्पीडोमीटर, ॲमीटर आणि दोन बाजूंना टायगर लॅम्पचे दोन मिणमिणते डोळे, एवढाच संसार. ऑइलच्या प्रेशरचा काटाही नाही, दिवाही नाही. आत दोन प्लंजर पंप असतात. एक टाकीतलं ऑइल बिग एंडला पुरवतो, दुसरा ते गोळा करून परत पाठवतो, आणि परत पाठवणाऱ्याची ताकद पुरवणाऱ्याच्या दुप्पट. घरात ऑइल साचून राहू नये, एवढंच त्यामागचं धोरण. आधुनिक इंजिनासारखा जोर इथं अपेक्षितच नाही. कंपनीनं दिवा दिला नाही म्हणून कुणी रडलं नाही, आणि काकांची गाडी तीस-पस्तीस वर्षं बिनदिव्याची सुखानं नांदली.

मग काका रिटायर झाले.

रिटायर झालेल्या माणसाच्या हाती वेळ आणि फंड एकदमच येतात. काकांनी जुन्या बाजारातून एक प्रेशर स्विच, एक लाल काचेचा दिवा आणि दीड मीटर वायर आणली, आणि एका शनिवारी दुपारी स्वतःच्या हातानं हे मंगळसूत्र गाडीच्या गळ्यात बांधलं. रविवारी सकाळी किल्ली फिरवली, दिवा पेटला. डिकॉम्प दाबून ॲमीटरचा काटा मध्यावर आणला, किक मारली, दिवा विझला. काकांनी पेढे वाटले. कात्रजच्या बोगद्याशी गाडी तापली आणि दिवा पुन्हा पेटला. तो जो पेटला, तो आमच्या सोसायटीच्या उरावर आजतागायत आहे.

तेव्हापासून काका गाडी चालवत नाहीत, तपासतात. बिघाड हा शब्द त्यांना चालत नाही, ते ‘सिम्प्टम’ म्हणतात. पार्किंगमधून जाणारा येणारा कुणीही त्यांचा कंपाउंडर होतो. दुधाची पिशवी घेऊन चाललेला मी, “अरे, एक मिनिट जरा ही वायर धर,” या हाकेला किती वेळा बळी पडलोय त्याची गणती नाही. इंजिन चालू. काकांनी स्विचवरची वायर उपटली, दिवा विझला. “आता टोक इंजिनच्या पात्याला टेकव.” टेकवलं, दिवा पेटला. “वायर निर्दोष!” असा निकाल त्यांनी असा काही दिला की वायरनं जामिनाचे पैसे परत मागावेत. मग दूध नासेपर्यंत स्विचवर व्याख्यान. त्यात एक पातळ पडदा असतो. ऑइलनं रेटलं की पडदा सरकतो, कॉन्टॅक्ट सुटतो, दिवा विझतो. म्हणजे दिवा पेटला तर तीन शक्यता: ऑइल नाही, जोर नाही, किंवा स्विच खोटं बोलतोय. काकांनी तीन स्विच बदलले. तिघांचीही जबानी एकच. काढलेले तीन अजून त्यांच्या शर्टाच्या खिशात असतात. चहा प्यायला बसले की टेबलावर ओततात, जसे आपण सुटे पैसे ओततो.

मग ऑइल. ट्वेंटी-फिफ्टी घालून झालं, त्याहून जाड घालून झालं. नमद्याचा फिल्टर नवा आला. पंपांचं कव्हर उघडलं, प्लंजर काढून खिडकीच्या उजेडात डोळ्यासमोर धरले, काकूंच्या पोळपाटावर ठेवून पुसले. पंप फिरवणारा वर्म उलट्या आट्यांचा असतो हे काकांना पक्कं ठाऊक होतं, तरी ऐनवेळी हात सवयीनं सुलट्या दिशेलाच गेला आणि त्याचे पडसाद तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आले.

पावसाळ्यानंतरची कथा तर अजून सोसायटीच्या सभेत निघते. गाडी महिनाभर उभी होती. काकांनी डिपस्टिक काढली तर कोरडी ठक्क. “दिवा खरं बोलत होता!” म्हणत त्यांनी लिटरभर ऑइल ओतलं. वास्तविक ऑइल कुठं गेलं नव्हतं. उभ्या गाडीत ते पंपातून हळूहळू झिरपून क्रँककेसमध्ये उतरून बसतं. गाडी चालू करून पाच मिनिटांनी मोजलं असतं तर जिथल्या तिथं सापडलं असतं. सव्वादोन लिटरच्या इंजिनात सव्वातीन लिटर ऑइल घेऊन काका निघाले, आणि ब्रीदरच्या नळीनं बी विंगपासून गेटपर्यंत अशी रांगोळी काढली, की वॉचमननं दोन पोती भुसा पसरला आणि चेअरमननी त्यावरून जाऊन स्वतः खात्री करून घेतली. पाठीवर.

काकूंचं या विषयावर एकच वाक्य आहे आणि त्या ते शांतपणे, मेथी निवडताना म्हणतात. “दिवा नव्हता तेव्हा यांनी मला हिच्यावरून गणपतीपुळ्याला नेलं. दिवा आल्यापासून कात्रज ओलांडला नाही.”

शेवटी इंजिन उतरवायचं ठरलं. दिवा गाडी तापल्यावरच पेटतो, म्हणजे ऑइल पातळ होतं, म्हणजे बिग एंडच्या बुशात ढिलाई आली, म्हणजे क्रँक बाहेर. तर्कात कुठंही खोट नव्हती. काका मला मागे बसवून नाना पेठेतल्या एका गल्लीत एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे घेऊन गेले. काकांनी पूर्ण केस हिस्टरी सांगितली, तारखांसकट. मिस्त्री ऐकत नव्हते, ते वायर कुठून कुठं जाते ते बघत होते. मग त्यांनी गाडी चालू केली, हेडवर जाणाऱ्या बारक्या नळीचा बोल्ट अर्धा आटा सैल केला आणि बोट लावलं. नाडीसारखं थेंबथेंब, ठेक्यात, काळसर ऑइल बोटावर आलं. स्विच याच नळीवर बसवलेला होता.

“हे रिटर्नचं ऑइल आहे, काका,” मिस्त्री बोट फडक्याला पुसत म्हणाले. “खालून परत येतं, वर रॉकरला ओलं करतं आणि घरी जातं. इथं जोर कुठनं येणार? गार असताना जाड असतं, नळीत अडतं, म्हणून दिवा विझतो. नळाला पाणी किती जोरात येतं ते तुम्ही मोरीच्या तोंडाशी बोट लावून बघताय.”

काकांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा पुन्हा पाहू नये. पाच वर्षांचं संशोधन मोरीत गेलं होतं.

“दिवा काढून टाकू?” मिस्त्रींनी विचारलं.

“काढू?” काका किंचाळले. “मग कळणार कसं?”

तडजोड म्हणून मिस्त्रींनी टायमिंग कव्हरवरच्या फीडच्या प्लगला भोक पाडून तिथं एक हलका स्विच बसवून दिला. मजुरी घेतली नाही, पण चहा काकांना पाजायला लावला. त्या दिवसापासून दिवा अगदी शहाण्यासारखा वागतो. किल्ली फिरवली की पेटतो, इंजिन लागलं की विझतो, गाडी कितीही तापली तरी विझलेलाच राहतो.

गेल्या रविवारी आम्ही खंबाटकीपर्यंत निघालो होतो. कात्रज ओलांडला, काकांच्या आयुष्यात मोठाच क्षण. खेड शिवापूर गेलं, दिवा मिटलेला. मी मागे बसून मिसळीचा विचार करत होतो, पण पुढं बसलेली पाठ काही सैल होईना. एका वळणावर काकांनी इंडिकेटरचा हात दाखवून गाडी कडेला घेतली.

“काय झालं काका?”

“इतका वेळ पेटला नाही,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “बल्ब उडाला असेल.”

त्यांनी इंजिन बंद केलं. थोडं थांबून किल्ली पुन्हा ऑन केली. लाल दिवा लख्ख पेटला, आणि काका त्याच्याकडे बघून असे हसले, जसा हॉस्टेलवरून सुट्टीला घरी आलेला मुलगा दारात दिसावा.