ओळख पटेपर्यंत

लॅपटॉप हे एक यंत्र आहे, हा समज त्यावर लिनक्स घालेपर्यंतच टिकतो. बाहेरून एकच झाकण, एकच नाव. आत मात्र वाय-फाय एका कंपनीचं, आवाज दुसरीचा, कॅमेरा तिसरीचा. बटण दाबलं की लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, अंधारात फिरून प्रत्येक भागाला विचारतो, तू कोण? नाव कुणीच सांगत नाही. सगळे आपापला आकडा सांगतात. इंटेलच्या भागांचा आकडा 8086. हा क्रमांक 1978 साली आलेल्या त्यांच्या चिपचा. एवढी वर्षं लोटली, तरी त्या घराण्यातला नवा भाग आधी पूर्वजाचं नाव घेतो आणि मगच कामाला लागतो.

अर्थात, ओळख सांगणारा प्रत्येकजण कामाला लागतोच असं नाही. खामगावच्या घरी, घाटाखालचं मे महिन्याचं ऊन ओसरीपर्यंत चढलेलं असताना, माझ्या जुन्या लॅपटॉपच्या वाय-फाय कार्डाने आकडा चटकन सांगितला आणि ते गप्प बसलं. त्याला फर्मवेअर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पोटात चालणारी आज्ञावली, हवं होतं. फर्मवेअर इंटरनेटवर होतं. इंटरनेटसाठी वाय-फाय हवं होतं. या वर्तुळाला कुठे फट सापडते का ते मी बघत होतो, तेव्हा कुरडयांवरची नजर न हटवता आई म्हणाली, "काऊन बाप्पा, नवाच घेऊन टाक ना एखादा."

मी ‘डीमेसेज’ची आज्ञा दिली. पडद्यावर कर्नलच्या नोंदींच्या ओळींचा पूर आला. आमच्या जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला, अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती 18 धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर. कुठलं धान्य सरकलं, कुठलं ढेकूळ किती भिजलं, हे पहाटे बघून साऱ्या वर्षाचं भाकीत. त्या ओळींवर वाकलेला मी तसाच दिसत असणार. गहू जागेवर, म्हणजे आवाज ठीक. मूग बाहेर सरकला, म्हणजे झोपवलेला लॅपटॉप उठायचा नाही. आणि भाकितं इथेही चुकतात. ‘फेल्ड’ म्हणून लाल अक्षरांत जाहीर झालेला भाग पुष्कळदा मजेत चाललेला असतो.

शेवटी फोन वायरीने जोडून त्याचं नेट घेतलं. अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल, तेव्हा नड घरच्या घरीच भागली म्हणायची.

कार्ड बोलू लागल्यावर, अशा भागांना कामाला लावणारे ड्रायव्हर लिहितं कोण, याचं कुतूहल वाटलं. ब्रॉडकॉम कंपनीच्या वाय-फाय चिपांची कागदपत्रं बाहेर मिळत नव्हती, तेव्हा काही हौशी मंडळींनी दोन गट केले. एकाने चालता ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते ते टिपून काढलं. दुसऱ्याने मूळ ड्रायव्हरकडे ढुंकूनही न बघता त्या टिपणांवरून नवा लिहिला. चोरीचा आळ यायला नको! एवढं सोवळं पाळून केलेलं ते काम त्यांनी वाटून टाकलं. ती कार्डं पुढे कुठल्या गावी, कुणाच्या ओसरीवर पोचतील, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

आता सगळं चालतं. बोटाचा ठसा घेणारा चौकोन तेवढा अजून आकडा सांगून बसून आहे. आईला म्हटलं, हा मला ओळखतच नाही.

"राशनवाल्याचं यंत्र तरी माह्या बोटाले कुठी वयखते," ती म्हणाली. "मंग मी दुसरं बोट देतो."