अहो ऐकलंत का, पोरानं ओईत कविता घेतली!

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्या वकिलांच्या धाकट्यानं कॉमर्सला प्रवेश घेतला, इथवर ठीक होतं. आता तो कविता शिकतोय म्हणे. चोरून नव्हे हो, दिवसाढवळ्या, कॉलेजच्या वर्गात बसून, आणि वर त्याचे दोन क्रेडिट घेऊन! वकिलीणबाईंना हळूच विचारलं, तर त्या जराही शरमल्या नाहीत. "ओईत घेतलंय. ओईत घ्यावंच लागतं."

ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह. नियमच असा आहे की आपली शाखा सोडून दुसऱ्या शाखेतलं काहीतरी घ्यायचं. आमच्या काळी कॉमर्सचा पोरगा आर्ट्सच्या व्हरांड्यात दिसला, तर त्याचं कारण अभ्यासक्रमात नसायचं, आणि ते कारण संध्याकाळपर्यंत तिच्या भावाला कळायचं. आता शासनानंच जीआर काढून पोरांना तिकडं धाडलंय. बोला!

या सगळ्याची सुरुवात 29 जुलै 2020 ला झाली. त्या दिवशी दिल्लीत नवं शैक्षणिक धोरण मंजूर झालं. तेव्हा आम्ही तोंडाला मास्क लावून घरात बसलो होतो, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मग 20 एप्रिल 2023 ला महाराष्ट्र शासनाचा जीआर आला. आधी स्वायत्त कॉलेजं त्यात उतरली, आणि 2024-25 पासून बाकीचीही. आमचं शिवाजी विद्यापीठ म्हणजे कोल्हापूर, सांगली आणि सातारा. तीन जिल्ह्यांतली घरं एका वेळी बाधित झाली.

आता रंकाळा तलावावर फिरायला जायची सोय राहिलेली नाही. पूर्वी पावसाळ्यात तिथं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाण्याची फुटं मोजली जायची. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, एवढं गणित शाळा न बघितलेल्या आजीलाही पाठ. हल्ली तशीच क्रेडिटं मोजतात. "आमचीची बावीस झाली, तुमच्याचं कुठवर आलंय?" वर्षाला 40 ते 44 क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132, आणि चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं तर 160 ते 176. एका थिअरीच्या क्रेडिटला पंधरा तास, प्रॅक्टिकलच्या क्रेडिटला तीस. हे आकडे मला मंगळवार पेठेतल्या एका गिरणीवाल्यानं दळण घेता घेता सांगितले. त्याची लेक बी.एस्सी.ला आहे. तिनं सेमिस्टरचा तक्ता गिरणीत पट्ट्याशेजारी चिकटवलाय. त्यावर पीठ बसतं, आणि बाप ते रोज पुसतो.

त्या तक्त्यावर जी अक्षरं आहेत ती बघून माझी बोबडी वळली. एईसी, व्हीईसी, व्हीएससी, एसईसी, आयकेएस, सीसी, ओजेटी! एखाद्या घरात एवढी पाहुणे मंडळी उतरली तर यजमान गाव सोडून जाईल. पण पोरं हे सगळं एका दमात म्हणतात. बारावीला पसायदान अडखळत म्हणणारी हीच पोरं.

खरा चावट प्रकार पुढेच आहे. विज्ञान शाखेत पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे आणि तिघांना सारखाच मान द्यायचा. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर होतो, एक मायनर, आणि तिसऱ्याला नमस्कार. आता हा तिसरा कोण, यावर वर्षभर केवढं राजकारण! ज्या विषयाला पोरं उरणार नाहीत, त्या विषयाच्या सरांचा वर्कलोड जाणार. मग काय, सर हल्ली वर्गात भलतेच गोड बोलतात म्हणे. एका कॉलेजातले सर (कॉलेजाचं नाव मी सांगणार नाही, तुम्हीही विचारू नका) पोरांना जाता-येता चहा पाजतात अशी कुजबूज आहे. आमच्या वेळी सरांनी आम्हाला वर्गाबाहेर काढण्यापलीकडं कधी काही दिलं नाही.

गिरणीवाल्याच्या लेकीला मी विचारलं, "तू मेजर काय घेणार गं?"

"मी केमिस्ट्री घेतो की. पण मैत्रिणी सगळ्या बॉटनीला चालल्यात."

"आणि तुला काय आवडतं?"

"मॅथ्स. पण ते आमच्याकडं पोरं कमी म्हणून चालू राहतंय का बघायचं."

बघा, म्हणजे निवडीचं स्वातंत्र्य एवढं, की आवडीचा विषय सोडून काहीही निवडता येतं. गावाकडच्या कॉलेजात तर मेनूकार्ड दहा पानांचं आणि भटारखान्यात दोनच भाज्या. यावर मात्र रंकाळ्यावर कुणी बोलत नाही. त्यात मजा नाही ना.

मजा आहे ती फुटबॉलात. सीसी म्हणजे अभ्यासपूरक उपक्रम. त्यात एनएसएस, एनसीसी, योग, कला, आणि हो, खेळ! शिवाजी पेठेतल्या तीन पिढ्यांनी फुटबॉलपायी बापाचा मार खाल्ला. मॅच बघून उशिरा आलेल्या पोराला उपाशी झोपवलं गेलं. आणि आता त्याच खेळाला क्रेडिट? एक आजोबा एवढे चिडले की म्हणाले, "मला पण द्या मागची. पन्नास वर्षांची साठलेत."

साठवायला बँक आहेच. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, 2021 पासून. प्रत्येक पोराला बारा आकडी नंबर. कोल्हापूरकराला बँक म्हटली की काही ठरलेले प्रश्न पडतात. संचालक मंडळात कोण आहे? जामीन कोण लागतो? बुडाली तर? आमच्या जिल्ह्यात पतसंस्थांचा अनुभव दांडगा, म्हणून विचारलेलं बरं. त्यातून पैसे निघत नाहीत हे कळल्यावर निम्म्या लोकांचा रस संपला.

मराठीची गोष्ट मात्र जरा घशात अडकते. एकेकाळी मुंबई विद्यापीठाच्या पदवीत संस्कृत, फारसी चालायची, आणि मराठीला आत घ्या म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना खटपट करावी लागली. आमच्या राजाराम कॉलेजात तर फारसी शिकवायला खुद्द माधव जूलियन होते, मराठी कवितेतला एवढा मोठा माणूस. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठी अभिजात झाली, पेढे वाटले. आणि अभ्यासक्रमात? एईसी, म्हणजे क्षमतावृद्धी, सेमिस्टरला दोन क्रेडिट. ज्या पोरानं मेजर मराठी घेतली, त्याला नातेवाईक अजून विचारतात, "मार्क कमी पडले का रे?"

पर्यावरणाचं नका विचारू. सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये सांगितल्यापासून तो विषय कुठल्या ना कुठल्या नावानं आहेच. रंकाळा आणि पंचगंगेच्या प्रदूषणावर या जिल्ह्यात एवढे प्रकल्प लिहिले गेलेत की त्या कागदानं दोन्ही बुजवता येतील. थोरल्या भावाचा प्रकल्प धाकटा देतो, फक्त वरचं नाव बदलतो. प्रदूषण तेच असल्यामुळं मजकूर बदलावा लागत नाही.

आणि आता सगळ्यात ताजी बातमी, ही माझ्याकडून कळली म्हणू नका. कसबा बावड्यात एका घरी सून आली, पदवीची दोन वर्षं झालेली. नव्या नियमानं एका वर्षावर सर्टिफिकेट, दोन वर्षांवर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं (वरचे चार क्रेडिट करावे लागतात ते वेगळं), आणि जमवलेले क्रेडिट सात वर्षांपर्यंत चालतात. पोरीनं हे सगळं जेवताना सासूला समजावून सांगितलं. आम्ही सगळे कान टवकारून बसलो होतो की आता भांडण होणार. सासूनं ताटातला घास संपवला, हात धुतला आणि विचारलं, "ऐंशी हायत व्हय तुझ्या नावावर? मग वारस कुणाला लावलायस?"