घरच्या घरी बीबी बदला: नवशिक्यांसाठी सात सोप्या पायऱ्या

पायडल मारताना खालून कट्-कट् आवाज येतोय? म्हणजे बीबी गेली. दोन्ही क्रँक ज्या आसावर फिरतात, तो बेअरिंगसकटचा आस म्हणजे बीबी. नाक्यावरचा सायकलवाला ती चहा निवायच्या आत बदलून देईल. पण तुम्ही तीन व्हिडिओ पाहिलेत. आता माघार नाही.

१. जागा धरा. मुलुंडच्या फ्लॅटची गॅलरी केव्हाच हॉलमध्ये गेली, तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरा. सायकलीपुढच्या स्कूटर हलवा. ठोकाठोकी दुपारी दोन ते चार टाळा. त्या वेळी सेक्रेटरी झोपतात. वॉचमनला टॉर्च धरायला लावा, म्हणजे साक्षीदारही तयार राहील.

२. हत्यारं आणा. घरचा पाना आणि दिवाळीला खिळे ठोकायची हातोडी पुरत नाही. एलन की, क्रँक पुलर आणि वीस दातांचं बीबी टूल लागेल. रविवारी नागदेवी स्ट्रीटला जाऊ नका, बहुतेक शटर बंद असतील. सुट्टी टाका, मुलुंडहून स्लो पकडून मशीदला उतरा. दुकानदाराने "कुठल्या साइजचं?" विचारलं की ठामपणे "रेग्युलर" म्हणा. हत्यारं पार्टपेक्षा महाग पडतील. घरी 'गुंतवणूक' म्हणून सांगा.

३. नवी बीबी घ्या. आसाची लांबी जुन्या बीबीवर छापलेली असते, पण ती काढल्याशिवाय वाचता येत नाही. आणि नवी हातात आल्याशिवाय जुनी काढायची छाती होत नाही. म्हणून अंदाजाने ११० मिलिमीटरची आणा. जुनी १२२.५ची निघेल. दुकानदार बदलून देत नाही. त्याचाही संसार आहे.

४. क्रँक काढा. बोल्ट काढा, आतला वॉशर मात्र विसरा. पुलर अर्धाच बसवा आणि जोर लावा. क्रँकचे आटे भुग्यासारखे बाहेर येतील. मनाला लावून घेऊ नका, ॲल्युमिनियम मऊच असतं.

५. बीबी सोडवा. चेनच्या बाजूला उलटे आटे असतात, तिथे घड्याळाच्या दिशेने फिरवलं तर सुटतं. आस फिरताना कप आपोआप सैल होऊ नये म्हणून ही योजना. या मापाला बीएसए म्हणतात, म्हणजे बर्मिंगहॅमचा बंदुका बनवणारा कारखाना. नवशिक्याने आधी सगळं वजन टाकून चुकीच्या दिशेला आवळावं, दिशा नंतर वाचावी. पावसाचं पाणी सीटच्या नळीतून उतरून नेमकं इथेच साचतं, त्यामुळे गंज तुमच्यापेक्षा हट्टी असेल. तेल सोडा आणि रात्रभर थांबा. तोवर दुसऱ्या मजल्यावरचे काका येऊन सांगतील, "आमच्या वेळी कॉटर पिन हातोडीने ठोकायचो, दोन्हीकडे अकरा-अकरा छर्रे मोजून भरायचो." मान डोलवा. त्यांची सायकल चालायची, हे विसरू नका.

६. नवी बसवा. ग्रीस लावा. पहिले दोन-तीन आटे नुसत्या बोटांनी जायला हवेत. नाही गेले तर पान्याला पाइप जोडून रेटा. आता बीबी फ्रेममधून कधीच सुटणार नाही. बाहेरही येणार नाही, पण सगळं एकदम मिळत नसतं.

७. चाचणी घ्या. आवाज तसाच आहे? सीटवरून उठून पायडल मारा. थांबला? मग दोष सीटपोस्टचा होता; पुसून ग्रीसचं एक बोट लावलं की झालं. ही चाचणी सुरुवातीला घ्यायची नसते, नाहीतर एवढी हत्यारं कोणत्या तोंडाने घेतली असती?

आता हात बसलाय, तो मोडू देऊ नका. घाईने सायकल रस्त्यावर काढायचीही गरज नाही. महापालिकेने २०१७ साली तानसा जलवाहिनीच्या कडेने ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग जाहीर केलाय, 'हरित वारी जलतीरी'. तो मुलुंडपासून सलग चालवायला मिळेपर्यंत सरावाला भरपूर वेळ आहे. पुढच्या रविवारी हँडलखालचा हेडसेट उघडा. त्यात छर्रे सुटे असतात आणि पार्किंगला उतार असतो.