किती मार्कांना?

कॉम्प्युटर सायन्सच्या सरांना नुसतं ‘कसे आहात?’ असं विचारू नये. ‘किती मार्कांना?’ असा उलट प्रश्न येतो, तोही गंभीरपणे. एका मार्काला ‘बरा आहे’. तीन मार्कांना गुडघा, बीपी आणि संस्थाचालक, प्रत्येकी एक.

बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत असे एक सर सापडतात. खिशात लाल पेन, नजर उत्तरपत्रिकेतल्या ‘इट’वर. पोराने ‘इट स्टोअर्स डेटा’ लिहिलं की लाल गोल. ‘इट म्हणजे कोण? तुझा मामा?’ ‘रॅम इज फास्ट’ लिहिलं की, ‘कुणापेक्षा? एसटीपेक्षा?’ हार्ड डिस्कचं नाव येईपर्यंत अर्धा मार्कही सुटत नाही.

त्यांचा खरा जीव प्रश्नाच्या पहिल्या शब्दात. ‘स्टेट’ असेल तर एक ओळ लिही आणि पुढे हो. ‘एक्स्प्लेन’ असेल तर ‘बिकॉज’ आलंच पाहिजे. ‘डिस्टिंग्विश’ला मधोमध उभी रेघ, डावीकडे कंपायलरचा वेग, तर उजवीकडे इंटरप्रिटरचाही वेगच. एकीने डावीकडे वेग आणि उजवीकडे पायथॉन लिहिलं, तेव्हा सर कळवळले, ‘अगं, सोयरीक जमवताना मुलाची उंची आणि मुलीचं गाव ताडून बघतात का?’

बायनरी सर्चवर एका हुशार पोराने हजार नावांतलं नाव जास्तीत जास्त दहा तुलनांत सापडतं, हे बिनचूक लिहिलं. तरी मार्क कापला.

‘यादी आधी क्रमाने लावलेली हवी, हे कुठंय?’

‘सर, ते तर कळतंच ना.’

‘तुला कळतं रे. तपासणाऱ्याला फक्त कागद दिसतो.’

घरी मात्र सर सांभाळून बोलतात. आमटीत मीठ कमी आहे म्हणाले, तर बाईसाहेब विचारतात, ‘कशाच्या तुलनेत?’

हसायचं तेवढं हसा. पण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेलं पोर अकरावी सायन्सला आलं, की लूप त्याला चार दिवसांत कळतो. अडतं ते पेपरातल्या इंग्रजीपाशी. सायन्सवाले म्हणतात, हे इंग्रजीच्या बाईंचं काम. बाई म्हणतात, आमच्या पुस्तकात लूप नाही. मधलं काम सर करतात आणि त्याला वेळापत्रकात तास नाही. आपलं पोर अकरावीला असेल, तर अशा सरांच्या वर्गात घाला. पहिल्या चाचणीला मार्क कमी पडतील, तेव्हा भांडायला जाऊ नका.