ऑन-रोड काका

पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ गाडी घेणार असतात. घेतलेली नसते, घेणार असतात. आमच्याकडच्या गृहस्थांना सगळे ‘ऑन-रोड काका’ म्हणतात, कारण कुणी गाडीची किंमत सांगितली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘एक्स-शोरूम की ऑन-रोड?’ समोरचा अडखळला की काका सुखावतात आणि तिथेच, लिफ्टच्या दारात, आरटीओचा हिशेब मांडतात. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२, डिझेलला दोन टक्के जास्त. विमा शोरूमचा घेऊ नका. ‘हँडलिंग चार्जेस’ लावले असतील तर खोडायला लावा. मॅट फुकट मागा, मिळतात.

त्यांची स्वतःची वॅगनआर आता म्हातारी झाली आहे आणि पेच सरळ आहे: चार मीटरच्या आतली घ्यायची की बाहेरची? म्हणजे नेक्सॉन की क्रेटा. मधूनमधून व्हेन्यू, सेल्टॉस, ग्रँड व्हिटारा हजेरी लावून जातात, पण अंतिम सामना या दोघींचाच.

ही चार मीटरची लक्ष्मणरेषा काकांना तोंडपाठ आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं आणि छोटी म्हणजे किती, हे सरकारनं मिलिमीटरमध्ये ठरवलं. तेव्हापासून नेक्सॉन ३९९५, ब्रेझा ३९९५, सोनेट ३९९५. उरलेले पाच मिलिमीटर कंपन्यांनी भीतीपोटी सोडलेत, असं काकांचं मत. आता छोटीला १८ टक्के जीएसटी आणि मोठीला ४०. पण नुसती लांबी पुरत नाही, इंजिनही मोजतात: पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. त्यामुळे ब्रेझा बिचारी लांबीत बसते, पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून चाळीसच्या पंगतीत. हे सांगताना काकांचा आवाज खाली येतो, भाऊबंदकीतलं प्रकरण सांगावं तसा.

काकांच्या खिशात टेप असते. आमच्या पार्किंगमधल्या दोन खांबांमधलं अंतर बिल्डरनं नकाशात एक दाखवलं आहे, काकांच्या टेपनं दुसरंच. तेव्हा जागा अपुरी, म्हणून छोटीच बरी, हा त्यांचा बिनतोड मुद्दा होता. मग एका रात्री त्यांनी रुंदी पाहिली. क्रेटा १७९० मिलिमीटर, नेक्सॉन १८०४. म्हणजे छोटी गाडी मोठीपेक्षा चौदा मिलिमीटर रुंद! काही दिवस काका जिन्यात कुणाशी बोलले नाहीत.

त्यांच्या एक्सेल शीटमध्ये बाकी सगळं आहे. व्हीलबेस २४९८ आणि २६१०, फरक अर्ध्या वितीचा. ग्राउंड क्लिअरन्स २०८ आणि १९०. इथे पुन्हा छोटी वरचढ. डिकी ३८२ लिटर आणि ४३३. लिटर हे माप काकूंना मंजूर नाही. ‘डिकीत काय दूध ओतायचंय?’ त्यांचा हिशेब देवगडच्या पेट्यांचा. शिवाय त्यांनी एकदाच, भाजी निवडताना, विचारलं होतं: ‘रुंदी दोन्हींची सारखीच ना? मग मागे तिघं बसले की मधे मीच. मला लांबीचा काय उपयोग?’ एक्सेलमध्ये या प्रश्नाला रकाना नव्हता.

खरी मेख मात्र वेगळीच आहे. छोटीचं टॉप मॉडेल आणि मोठीचं खालचं-मधलं मॉडेल साधारण त्याच पैशांत येतं. एकीकडे सनरूफ, थंड हवा सोडणाऱ्या सीट, चहूबाजूंचे कॅमेरे. दुसरीकडे नुसता ऐसपैस पत्रा. टॉप घेतली तर आतलं वैभव शेजाऱ्यांना दिसत नाही. मोठी घेतली तर आतली गरिबी फक्त आपल्याला दिसते. मध्यमवर्गाची इतकी अचूक परीक्षा आयकर खात्यालाही घेता आलेली नाही. माझं विचाराल तर, मुलं परगावी गेलेल्या नवरा-बायकोला छोटी पुष्कळ झाली. पण आपल्याकडे गाडी वर्षाच्या तीनशे साठ दिवसांसाठी घेतच नाहीत. ती गणपतीत कोकणात जायच्या चार दिवसांसाठी घेतात, त्यातही नणंद येणार असं धरून.

टेस्ट ड्राइव्ह हा काकांचा खास प्रांत. सेल्सच्या पोरांनी ठरवलेला सपाट रस्ता त्यांना चालत नाही. काकू, मेव्हणी, तिचा नवरा अशी पलटण मागे बसवून, एसी पूर्ण सोडून ते गाडी कात्रजच्या जुन्या घाटाला घालतात. चढावर छोटं टर्बो इंजिन जोर धरण्याआधी क्षणभर विचार करतं. तो क्षण पकडायला काका कान देऊन बसतात. पोरगं शेजारी हँडल घट्ट धरून ‘काका, बुकिंग कधी करताय?’ विचारतं.

बुकिंगला मुहूर्त लागतो. पाडव्याला मुहूर्त असतो, पण डिस्काउंट नसतो. डिसेंबरात डिस्काउंट असतो, पण महिन्याभरात गाडी गेल्या सालची होते. जानेवारीत किमती वाढतात. पितृपक्षात घेत नाहीत, दसऱ्याला वेळेवर मिळत नाही आणि मधल्या काळात फेसलिफ्ट येणार असल्याची बातमी कुठून तरी येतेच. २०२५ मध्ये तर नियतीनं हद्द केली: २२ सप्टेंबरला, नेमका घटस्थापनेला, कर उतरला. मुहूर्त आणि सवलत एकाच दिवशी! सगळी सोसायटी शोरूमकडे धावली. काका म्हणाले, ‘गर्दी ओसरू दे.’

मला वाटतं, त्यांना गाडी नकोच आहे. निवडणाऱ्या माणसाला शोरूममध्ये कॉफी मिळते, घेतलेल्याला हप्ता. शिवाय काकांच्या शब्दावर आमच्याकडे किती गाड्या आल्या! प्रत्येक डिलिव्हरीच्या फोटोत मोठ्या पुठ्ठ्याच्या किल्लीमागे ते उभे असतात.

परवा दुसऱ्या मजल्यावरच्यांची क्रेटा घ्यायला गेलो होतो. हार चढला, नारळ आला, पेढ्यांचा खोका उघडला. कुणीतरी सहज विचारलं, ‘काका, तुमची कधी?’ काका दिसले नाहीत. ते डिकीत अर्धे शिरून टायरवरचा चार आकडी नंबर वाचत होते.

‘स्टेपनी बाकीच्या चारांपेक्षा अकरा आठवडे जुनी आहे,’ आतून आवाज आला. ‘पेढे थांबवा.’