लेकीला चेंज-अप शिकवा : नवशिक्या बाबांसाठी

अभिनंदन! न्यू जर्सीत तुमची लेक सॉफ्टबॉलची पिचर झाली. जोरात टाकायला ती शिकलीच आहे. आता बॅटरला फसवणारा संथ चेंडू, म्हणजे चेंज-अप, तुम्ही शिकवायचा.

१. बादली आणा, पालथी घाला, तिच्यावर बसून झेला. पिचरच्या बापाचं अमेरिकेतलं आसन हेच. गुडघ्यांबद्दल सहानुभूती आहे. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू अंडरआर्म टाकतात; त्यावरून तुम्हाला १९८१ चा, क्रिकेटमध्ये सरपटी चेंडू टाकणारा ट्रेव्हर चॅपल आठवेल. तो किस्सा इथे सांगू नका. कॉलेजातल्या पोरी हात खांद्याभोवती गरकन फिरवून ताशी शंभर किलोमीटरने टाकतात.

२. रडार गन विकत घ्या. हळू टाकायला शिकवायचं तर वेग मोजायलाच हवा. दर चेंडूला आकडा मोठ्याने वाचा आणि तो घसरला की चेहरा पाडा. चेंज-अपचा आकडा घसरायलाच हवा, पण चेहऱ्याला सवय झालेली असते.

३. पकड. चेंडू बोटांच्या टोकांवर नाही, तळव्यात खोल धरायचा. दहा वर्षांखालच्या गटात चेंडूचा घेर ११ इंच, आणि तिचा हात केवढा ते तुम्ही जाणताच. 'बोटं अजून ताण' म्हणत राहा.

४. सगळी मेख इथे आहे. हात फास्टबॉलइतक्याच वेगाने फिरला पाहिजे, हळू यायला हवा फक्त चेंडू. ती अर्थातच हातही हळू करणार, आणि ३५ फुटांवरच्या बॅटरला सगळं आधीच कळणार. अशा वेळी ओरडा : 'अगं, हात जोरात!' लगेच : 'बाळा, चेंडू हळू!' दोन्ही एका दमात. ती गोंधळली तर तेच आणखी मोठ्याने सांगा.

५. तिच्या मनगटावर आकड्यांच्या तक्त्याची पट्टी बांधा. कोच बाहेरून आकडे ओरडेल, ती तक्त्यात शोधेल, मग टाकेल. काय टाकायचं ते तिने ठरवायचं नसतं.

६. एका चेंज-अपचा प्लेटच्या अलीकडे टप्पा पडला, की तो बंद. लगेच राइज बॉलच्या खासगी शिकवणीला घाला. राइज बॉल खरं तर वर चढत नाही; चढते ती फी.

७. तरीही एखाद्या सामन्यात, तुमचं लक्ष फोनमध्ये असताना, तिने चेंज-अप टाकला आणि बॅटर चेंडू यायच्या आधीच बॅट फिरवून मोकळी झाली, तर घाबरू नका. शेजारच्या बादलीकडे वळा आणि म्हणा, 'मीच शिकवलाय.'