कुंड्यांचं ऑडिट

अण्णा सहकार खात्यात ऑडिटर होते. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही म्हणून वर्षभर ते वाण्याची बिलं तपासत होते. मग लेक बंगळुरूला गेली, तिचा लॅब्रॅडॉर बंड्या इथेच राहिला, आणि अण्णांनी गॅलरीतल्या कुंड्यांचं ऑडिट काढलं. विषारी झाडाला लाल चिठ्ठी, निर्धोक झाडाला हिरवी.

पहिला आक्षेप मनी प्लांटवर. "कॅल्शियम ऑक्झलेट! पानात सुयांसारखे स्फटिक. कुत्र्यानं चावलं की तोंडाची आग, लाळ, उलट्या!" यात चूक काहीच नव्हतं. अण्णांशी वाद घालताना हीच तर पंचाईत होते. पीस लिली आणि डिफेनबाकिया त्याच कलमाखाली बाद झाल्या. अळूही त्याच कुळातला, हे मात्र त्यांनी ताटात फतफतं वाढल्यावर सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग मनी प्लांटलाही आमसूल लावा."

कोरफडीलाही लाल चिठ्ठी. आमच्या आजीचं ते सर्व रोगांवरचं औषध, पण कुत्र्याच्या पोटात गेलं की उलट्या आणि जुलाब. हिरवी मिळाली ती तुळस, मोगरा, जास्वंद आणि स्पायडर प्लांटला. बंड्याला या कशातच रस नव्हता. तो कुंडीकडे जायचा तो फक्त तिच्यामागे माझी चप्पल लपवायला.

मनी प्लांट टाकून द्यायला अण्णांचा जीव होईना. चोरून नेलेला मनी प्लांट लाभतो म्हणतात, म्हणून त्यांनी तो जिन्यात ठेवला आणि दाराच्या भिंगातून चोराची वाट पाहिली. चार दिवस कोणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनीच मला बोलावून विचारलं, "तुम्ही चोरता का?" मी चोरला. अजून लाभलेला नाही.

सोसायटीच्या फाटकाशी दोन सायकस आहेत. तिथे मात्र मी अण्णांच्या बाजूचा. ते झाड पानापासून बीपर्यंत विषारी. एकदोन बिया पोटात गेल्या तरी कुत्र्याचं यकृत निकामी होऊ शकतं. कुंपणाला कण्हेर, ती थेट हृदयावर घाव घालणारी. अण्णांनी सात पानी अहवाल दिला. सेक्रेटरींनी शेवटचं पान वाचलं आणि म्हणाले, "अण्णा, कुत्र्याला पट्टा लावा."

मग तो पावसाळी रविवार. काकूंनी कांदाभजी तळली होती. अण्णा मला सायकसचा ताजा पत्रव्यवहार वाचून दाखवत होते. एक हात कागदावर, दुसरा टेबलाखाली. टेबलाखालून मचमच आवाज येत होता.

"अण्णा, कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तळला तरी."

मचमच चालूच होती. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "किती खाल्ली? आणि कधीपासून?" तीन रुपयांच्या फरकासाठी वाण्याला तीनदा हेलपाटे घालायला लावणाऱ्या माणसाकडे याची नोंद नव्हती.

बंड्या ठणठणीत निघाला. दुसऱ्या दिवशी काकूंच्या कांद्याच्या टोपलीवर लाल चिठ्ठी होती. तिच्याखाली काकूंच्या अक्षरात शेरा: 'टोपली निर्दोष. हात तपासावेत.'